अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीचा लसीकरणाचा फॉर्म आणि मुलाचं भिजलेलं कार्ड, काय करू?

पारसिक
९ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. गेली तीन-चार वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे चिरंजीव यंदा बीई झाले, ऑगस्टमध्ये एमएसला चाललेत, न्यूयॉर्क राज्यातली युनिव्हर्सिटी आहे. आय-ट्वेंटी (युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा कागद) आला, व्हिसाचा इंटरव्ह्यू झाला, ८ ऑगस्टचं तिकीट काढलं, मी आपली प्रेशर कुकर न्यायचा की तिकडेच घ्यायचा यावर डोकं लावत बसले होते आणि काल युनिव्हर्सिटीच्या हेल्थ पोर्टलवरून मेल आला, लसीकरणाचा फॉर्म १५ जुलैच्या आत भरा नाहीतर रजिस्ट्रेशनला होल्ड लागेल. व्हिसा झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं मला वाटत होतं.

फॉर्ममध्ये एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस तारखांसकट मागितलेत, मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस घेतली असेल तर तारीख, नसेल घ्यायची तर तशी सही करून द्या म्हणतात, टीबीची टेस्ट मागितलीये आणि खाली ‘शिफारस’ म्हणून टीडॅप, हेपटायटिस बी, कांजिण्या अशी मारुतीच्या शेपटासारखी यादी आहे.

आता खरा घोळ सांगते. मुलगा फेब्रुवारी २००४ चा. तेव्हा आम्ही कळव्यात तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ ला घरात कमरेएवढं पाणी, कपाटाच्या खालच्या खणातलं सगळं गेलं. त्याचं लसीचं कार्ड मी नंतर वर्तमानपत्रात घालून वाळवलं. पहिल्या पानावर नर्सने बॉलपेनने लिहिलेलं अजून वाचता येतं, बीसीजी, पोलिओ, ट्रिपल, नवव्या महिन्यातला गोवर. दुसऱ्या पानावर डॉक्टर स्वतः शाईच्या पेनाने लिहायचे, तिथे आता नुसता निळा डाग आहे. सव्वा वर्षाचा असताना एमएमआर दिली होती हे मला पक्कं आठवतं कारण त्या दिवशी दवाखान्यात त्याने वजनकाट्यावर शी केली होती, पण आठवणीसाठी पोर्टलवर रकाना नाहीये. ते डॉक्टर आता हयात नाहीत, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

उद्या संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे जाऊन एमएमआर ठोकून घ्यायची असं ठरवलंय. बरोबर ना? आणि बाकीच्यांचं काय करू?


घणसोली९२
१० जून, सकाळी ७:१५

ताई टेन्शन घेऊ नका, मी गेल्या वर्षी हेच सगळं केलंय (आता सेकंड इयरला आहे, सुट्टीत घरी आलोय). कार्ड नसेल तर टायटर म्हणून रक्ताची टेस्ट असते, गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हीच्या अँटीबॉडीज वेगवेगळ्या बघतात, तिन्ही पॉझिटिव्ह आल्या तर डोस घेतला नसला तरी चालतं. माझं झालं असं की गोवर पॉझिटिव्ह, रुबेला पॉझिटिव्ह आणि गालगुंड ‘इक्विव्होकल’. म्हणजे ना हो ना नाही. म्हणजे टेस्टचे पैसेही गेले आणि इंजेक्शनही घ्यावं लागलं.

आणि एक फार महत्त्वाचं, तारखा. मी पहिला डोस ५ जूनला घेतला, दुसरा बरोबर २८ दिवसांनी ३ जुलैला. आमच्या डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं ०५/०६ आणि ०३/०७. तिकडच्यांनी वाचलं ६ मे आणि ७ मार्च!! म्हणजे त्यांच्या हिशोबाने माझा दुसरा डोस पहिल्याच्या दोन महिने आधी झाला. फॉर्म रिजेक्ट, होल्ड, नऊ दिवस नुसते मेल चालले होते आणि तोवर मला हव्या त्या कोर्सची सीट भरली.


बालरोग_वाशी
१० जून, दुपारी २:०५

पारसिकताई, आज संध्याकाळी जाऊ नका. म्हणजे जा, पण एमएमआर घ्यायला नको. आधी टीबीची टेस्ट.

एमएमआर ही जिवंत विषाणूची लस आहे, अर्धमेला केलेला विषाणू असतो त्यात. ती घेतल्यावर काही आठवडे शरीराची टीबीच्या टेस्टला प्रतिसाद द्यायची ताकद थोडी दबते आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून नियम असा की टीबीची टेस्ट लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी, नाहीतर मग लसीनंतर चार आठवडे थांबून. तुम्ही आज लस घेतली असती तर टेस्टला ८ जुलै उजाडली असती आणि तुमची मुदत १५ ची. सकाळी रक्त द्या, त्याच दिवशी दुपारी लस घ्या, काही हरकत नाही.

रक्ताचीच टेस्ट करा, इग्रा म्हणतात, लॅबमध्ये क्वांटिफेरॉन म्हणून सांगा. हातावर टोचतात ती मॉन्टू टेस्ट आपल्याकडच्या मुलांना अडकवते कारण प्रत्येकाला जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते आणि बीसीजीमुळे मॉन्टू पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. फक्त युनिव्हर्सिटीला एक मेल टाकून विचारा की भारतातला रिपोर्ट चालतो का, काही ठिकाणी तिकडे पोहोचल्यावर परत करायला लावतात.

आता नवव्या महिन्यातला गोवर. तो डोस अमेरिकेत धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचाच डोस मोजतात, फार तर वाढदिवसाच्या चार दिवस आधीपर्यंतचा. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज बाळाच्या रक्तात वर्षभर रेंगाळतात आणि त्या लसीतल्या विषाणूला नीट रुजू देत नाहीत. आपल्याकडे तरी नवव्या महिन्यात देतात कारण इथे गोवर वर्ष भरायची वाट बघत नाही. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या जागी. पण त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे चार-पाच आया येतात की डॉक्टर कार्डावर तर दोन डोस आहेत मग एकच का धरला.

सरकारी कार्यक्रमात अजूनही एमआर आहे, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंड त्यात नाही. एमएमआर ही खाजगीत घ्यायची लस. तुमच्या त्या निळ्या डागात ती असेलही, पण डाग अपलोड करता येत नाही.


जुना_ठाणेकर
१० जून, दुपारी ४:३०

काय हे फॅड. आमच्या वेळी गोवर आला की आजी अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवायची, आठ दिवस घराबाहेर पडायचं नाही, संपलं. पाच भावंडं, पाचही जगलो. ज्यांना आपला मुलगा दीड-दोन कोटींची फी देणार आहे (अतिशयोक्ती समजून घ्या) ते वर आपल्यालाच सुया टोचायला लावतात. माझ्या दंडावर देवीचे दोन व्रण आहेत, ते चालतील का त्यांच्या पोर्टलला?


ह्यूस्टन_मार्गे_ऐरोली
१० जून, रात्री ८:५०

काका व्रणाचा फोटो अपलोड करून बघा 😄

गंमत सोडा. गेल्या वर्षी, २०२५ ला, मी इथे टेक्सासमध्ये असताना पश्चिमेकडच्या भागात गोवर पसरला होता, जानेवारीत सुरू झाला तो ऑगस्टमध्ये संपला असं जाहीर केलं, ७६२ केसेस. ज्या देशाने २००० साली गोवर हद्दपार झाला म्हणून सांगितलं होतं तिथे. बहुतेक सगळे लस न घेतलेले. आणि आपल्याकडचं विसरलात का, २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत काय झालं होतं, भिवंडीत काय झालं होतं. लहान मुलं गेली हो. पाच भावंडं जगली ती सांगायला आहेत, जी गेली ती कुठे येणारेत सांगायला.

ताई तुमच्या मुलाचं राज्य वेगळं आहे पण इथलं सांगतो म्हणजे कल्पना येईल. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि त्यावर युनिव्हर्सिटीचा स्वतःचा नियम वेगळा. टेक्सासमध्ये मेंदूज्वराची लस २२ वर्षांच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना कंपल्सरी आहे, ती पण क्लास सुरू व्हायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली आणि गेल्या पाच वर्षांतली. तीच मॅसॅच्युसेट्समध्ये २१ पर्यंतच्यांना, आणि तिकडे वर टीडॅप, हेपटायटिस बीचे तीन, कांजिण्यांचे दोन हे सगळं सक्तीचं. त्यामुळे मित्राच्या मुलाने काय घेतलं ते विचारू नका, स्वतःचा फॉर्म वाचा. व्हिसाचा आणि ह्याचा संबंध नाही, स्टुडंट व्हिसाला लसी बघत नाहीत, इमिग्रंट व्हिसाला बघतात, म्हणून सगळ्यांना वाटतं व्हिसा झाला म्हणजे झालं.

मॉन्टूचं डॉक्टरांनी सांगितलंच. माझी गुरुवारी संध्याकाळी टोचली होती. ४८ ते ७२ तासांत वाचायची असते म्हणजे शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. दवाखाना शनिवारी संध्याकाळपासून बंद. सोमवारी गेलो तर म्हणाले आता वाचून उपयोग नाही, परत टोचा. दुसऱ्या वेळी हातावर रुपयाएवढा लाल गोल उठला, आईने रडारड केली की टीबी झाला. लाल भाग मोजतच नाहीत मुळात, बोटाला जो टणक फुगवटा लागतो तो मोजतात, तो माझा १२ मिमी भरला. १० च्या वर पॉझिटिव्ह धरतात आपल्यासारख्या देशातून येणाऱ्यांना. मग इग्रा केली, निगेटिव्ह. पहिल्यांदाच इग्रा केली असती तर पंधरा दिवस वाचले असते.


कामचलाऊ
१० जून, रात्री १०:२०

एवढं काय करताय, ओळखीच्या डॉक्टरकडून नवीन कार्ड बनवून घ्या, मागच्या तारखा टाकायच्या, सही-शिक्का मारायचा, काम खतम. कोण बघतंय तिकडे.


बालरोग_वाशी
१० जून, रात्री १०:५५

कामचलाऊ, असे दोघे-तिघे दरवर्षी माझ्याकडेही येतात आणि चहा पिऊन परत जातात. खोटं कार्ड केलं आणि कॅम्पसवर गोवर आला तर त्या मुलाला आपण सुरक्षित आहोत असं कागदावर दिसेल आणि रक्तात काहीच नसेल. शिवाय युनिव्हर्सिटीला कळलं तर शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होते, शिक्का मारणाऱ्यावर नाही. खरा डोस मिळतो, मुबलक मिळतो, पुण्यात बनतो. ट्रेसिव्हॅक घ्या नाहीतर दुसरी कुठली, अमेरिकेत चालते. मग खोटं कशाला?


शाळामास्तर
११ जून, सकाळी ६:४०

पारसिकताई, मुलगा फेब्रुवारी २००४ चा म्हणालात. ठाण्यातच शिकला असेल तर २०१८ च्या नोव्हेंबरात तो नववीत असणार. त्या वर्षी शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना. मी तेव्हा वर्गशिक्षक होतो म्हणून चांगलंच लक्षात आहे. व्हॉट्सॅपवर काय काय फिरत होतं, पालक गेटवर येऊन भांडायचे, आमच्या एका वर्गातली अकरा मुलं त्या दिवशी एकदम ‘आजारी’ पडली. चित्रकलेच्या खोलीत बेंच लावले होते, टोचून झालं की डाव्या अंगठ्याला मार्करची खूण करायचे, निवडणुकीसारखी, आणि पोरं ती खूण दाखवत भाव खात फिरायची. जी सगळ्यात जास्त बढाया मारायची तीच सुई बघून पांढरी पडली.

तर मुद्दा असा की तेव्हा मुलांना एक छोटं कार्ड दिलं होतं. शोधा. बहुतेक घरांत ते नववीच्या प्रगतिपुस्तकात सापडतं.


सीवूड्स_टू_लीड्स
११ जून, सकाळी ११:००

इंग्लंडला जाणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. आमच्या लेकीच्या वेळी उलटच होतं. व्हिसाच्या अर्जाबरोबरच टीबीचं सर्टिफिकेट लागलं (सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतातून जाणाऱ्यांना लागतंच), ते त्यांनी नेमून दिलेल्या सेंटरवरच, छातीचा एक्स-रे काढतात, सर्टिफिकेट सहा महिने चालतं त्यामुळे फार लवकर काढलं तर वाया जातं. बाकी लसींची युनिव्हर्सिटी सक्ती करत नाही पण मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय (चार प्रकारांवरची) आणि एमएमआर दोन्ही घेऊन या असं सांगतात. तिकडे जाऊन जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवलं की मेंदूज्वराची लस फुकट, २५ वा वाढदिवस व्हायच्या आत. आमच्या बाईसाहेबांनी ‘नंतर बघू’ म्हणून पहिले सात महिने नाव नोंदवलंच नाही.


पारसिक
११ जून, रात्री ९:३०

मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो!!! सापडलं. प्रगतिपुस्तकात नाही, त्याच्या स्काऊटच्या सर्टिफिकेटांच्या फाईलमध्ये होतं. ७ डिसेंबर २०१८, शाळेचा शिक्का, एमआर, सगळं स्वच्छ. आणि चिरंजीव म्हणतात, ‘हां, ते अंगठ्यावर लावलं होतं ते का, मला वाटलं ते कसलं सर्व्हेचं होतं’. टोचलेलं आठवत नाही ह्याला, मार्कर आठवतो.

आता डॉक्टर, हा एमआर धरतात का? म्हणजे किती डोस उरले?


बालरोग_वाशी
११ जून, रात्री १०:१५

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात दोन गोवर, एक गालगुंड, एक रुबेला असं लिहिलंय. ‘दोन एमएमआर’ हे फॉर्मवाल्यांनी सोयीसाठी केलेलं. तुमच्याकडे २०१८ चा एमआर आहे म्हणजे एक गोवर एक रुबेला आला. आता एक एमएमआर घेतली की दोन गोवर, एक गालगुंड, दोन रुबेला. कायद्यापुरतं भागलं. मेल टाकून लेखी घ्या त्यांच्याकडून.

माझं मत विचारलंत तर महिन्याने दुसरी एमएमआर पण द्या. गोवराला एक डोस ९३ टक्के, दोन डोस ९७ टक्के काम करतात, पण गालगुंडाचं काम त्याहून कच्चं आहे आणि कॉलेजच्या हॉस्टेलांतून गालगुंड मस्त पसरतो, २००६ साली अमेरिकेत साडेसहा हजारांच्या वर केसेस झाल्या होत्या, त्यात कॉलेजची मुलं भरपूर. एका ग्लासातून चार जण पितात, दुसरं काय.

कांजिण्या झाल्या होत्या का त्याला? झाल्या असतील तर लस नको, अँटीबॉडीची टेस्ट पुरे. नसतील तर तीही जिवंत लस आहे, एमएमआरबरोबर त्याच दिवशी दुसऱ्या दंडात द्या नाहीतर २८ दिवस थांबा, मधल्या दिवसांत नको. हेपटायटिस बीच्या अँटीबॉडी बघा, १० च्या वर आल्या तर प्रश्न मिटला, नाही आल्या तर तीन डोसांचा कोर्स सहा महिन्यांचा, इथे दोन होतील आणि तिसरा तिकडे. टीडॅप एक घेऊन टाका, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, दहा वर्षं बघायला नको.

मेंदूज्वराचं त्याला सही करून सुटता येईल पण मी सुटू देणार नाही. हा आजार दुर्मिळ आहे, मान्य. पण सकाळी अंग मोडून आलंय म्हणून मुलगा झोपतो, रूममेटला वाटतं फ्लू आहे, आणि रात्री आयसीयू. औषध मिळूनही शंभरातले दहा-पंधरा जातात. महाग आहे, इथे पाच हजारांच्या घरात जाते, पण कुकर तिकडे घ्या आणि ही इथे घ्या. बी प्रकारची वेगळी असते, ती आपल्याकडे मिळत नाही, तिकडच्या हेल्थ सेंटरला विचारा.


नेरूळची_गृहिणी
१२ जून, सकाळी ९:२०

अवांतर होतंय पण विचारते. आमची मुलगी कुठे परदेशात नाही, पुण्याला हॉस्टेलवर जातेय बारावीनंतर. कॉलेजने काहीच मागितलं नाहीये. मग काहीच नको का?


बालरोग_वाशी
१२ जून, दुपारी १:४०

कॉलेजने मागितलं नाही म्हणजे गरज नाही असं नाही हो. मेसचं जेवण आणि बाहेरचं पाणी म्हणजे टायफॉईडची कॉन्जुगेट लस आधी. सोळाव्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्पाचा डोस राहिलाय का बघा, बहुतेकींचा राहतो, दहावीच्या धामधुमीत कोण नेतंय. एमएमआर दोन आणि कांजिण्या झाल्यात का बघा. आणि एचपीव्ही, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची. पंधरा वर्षांच्या आत सुरू केली तर दोन डोस, त्यानंतर तीन, सहा महिन्यांत. सर्व्हाव्हॅक ही आपल्याकडची लस आल्यापासून किंमत बरीच खाली आलीये. मुलग्यांनाही देता येते, पण तो विषय काढला की बाबा लोक खिडकीबाहेर बघायला लागतात. नर्सिंग, डेंटल, मेडिकलला जाणार असेल तर हेपटायटिस बी पूर्ण करून, अँटीबॉडी तपासून मगच वॉर्डात.


जुना_ठाणेकर
१२ जून, दुपारी ३:००

डॉक्टर, सहज विचारतो. आमच्या वयाला काही असतं का यातलं?


बालरोग_वाशी
१२ जून, दुपारी ३:२५

असतं ना. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, नागिणीची. तुमच्या फिजिशियनला विचारा, मी वीस किलोच्या वरचे पेशंट घेत नाही 😀


पारसिक
१७ जून, रात्री १०:००

अपडेट देते. शुक्रवारी १२ ला सकाळी रिकाम्या पोटी (त्याची गरज नव्हती असं नंतर कळलं, पोरगं उगाच उपाशी) लॅबमध्ये नेला. क्वांटिफेरॉनसाठी चार छोट्या नळ्या, प्रत्येकीचं टोपण वेगळ्या रंगाचं, रक्त भरून झालं की ती मुलगी प्रत्येक नळी दहा-दहा वेळा हळू उलटसुलट करत होती. सकाळीच या म्हणाले होते कारण रक्त ठरलेल्या तासांत मशीनला लागावं लागतं. रिपोर्ट काल आला, निगेटिव्ह. हेपटायटिस बीच्या अँटीबॉडी आहेत, कांजिण्यांच्याही आहेत (सहावीत झाल्या होत्या, गणपतीत, घरभर दिल्या होत्या त्याने).

दुपारी नौपाड्याला. डॉक्टरांनी फ्रिजमधून एमएमआरची बाटली काढली, तळाशी पांढरी वडी, त्यात दुसऱ्या बाटलीतलं पाणी सोडलं की क्षणात विरघळते. बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवलं, लॉट नंबर त्यावरच असतो म्हणाले. दुसऱ्या दंडात टीडॅप. मग म्हणाले पंधरा मिनिटं बाहेर बसा. मला वाटलं काय उगाच, मीटर पडतोय रिक्षाचा. पाचव्या मिनिटाला आमचा सहा फुटी, जिमला जाणारा मुलगा ‘आई, कसंतरी होतंय’ म्हणत सरळ शेजारच्या आजींच्या खांद्यावर! आजींनी पिशवीतून पेढा काढून दिला. कंपाउंडर म्हणे रोज एक असतो, आणि लहान मुलं कधीच पडत नाहीत, हे घोडेच पडतात.

युनिव्हर्सिटीने मेलला उत्तर दिलंय, एमआर अधिक एमएमआर चालेल, एमआरच्या कार्डावरचं मराठी इंग्रजीत करून डॉक्टरांच्या सहीने पाठवा. भारतातला इग्रा रिपोर्ट पण चालेल, सहा महिन्यांच्या आतला.


घणसोली९२
१७ जून, रात्री १०:३०

भारी! आठव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत अंग गरम वाटलं, थोडं पुरळ आलं तर घाबरू नका, मला आलं होतं. लसीचंच असतं.


पारसिक
११ जुलै, रात्री ८:१५

नवव्या दिवशी ताप आलाच, एक दिवस, शंभरच्या आसपास. घणसोली तुझ्यामुळे मी शांत होते, नाहीतर डेंग्यूची टेस्ट करून आणली असती, पावसाळा ना.

काल १० जुलैला दुसरी एमएमआर आणि मेंदूज्वराची घेतली. ह्या वेळी साहेबांनी आडवं होऊनच टोचून घेतलं, पंधराच्या जागी वीस मिनिटं बसले, डोळे मिटून. बाहेर धोधो पाऊस, स्टेशनपर्यंत घोट्याएवढं पाणी, आणि कार्ड मी तीन पिशव्यांत घालून, त्यावर डब्याची पिशवी, असं छातीशी धरून आणलं. नवरा म्हणतो आता आपण चौथ्या मजल्यावर राहतो.

पोर्टलवर आज सकाळी सगळ्या ओळींसमोर हिरवी टिक आली. होल्ड नाही.


नेरूळची_गृहिणी
११ जुलै, रात्री ८:४०

अभिनंदन ताई. लॅब कुठली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?


घणसोली९२
११ जुलै, रात्री ८:५५

मस्तच. तारखा कशा लिहिल्या शेवटी?


पारसिक
११ जुलै, रात्री ९:१०

@नेरूळ व्यनि केलाय.
@घणसोली महिना अक्षरात. डॉक्टर आकडे घालायला गेले तर मी त्यांचा पेनच धरला.